क्रियापदाचे शेपूट

इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांचे मला कधीच भय वाटले नाही. ते बड्या साहेबासारखे असतात. एकदा ओळख पटली की पुढे त्रास देत नाहीत. खरा धाक आहे तो 'अप', 'आउट', 'ऑन', 'ऑफ' या चिमुरड्यांचा! 'मेक' या गरीब क्रियापदाला 'अप'चे शेपूट चिकटले, की कुणी चेहरा रंगवते, कुणी थाप रचते आणि कुठे भांडलेल्या नवराबायकोचा समेट होतो. यातले नेमके काय झाले, ते माणसे पाहून ओळखायचे!

ही तक्रार काही आजची नव्हे. डॉ. जॉन्सनने १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच सांगून टाकले होते, की परकीयांना इंग्रजीत सर्वांत अवघड जातात ती ही शेपटीची क्रियापदे.

माझी पुतणी इंग्लंडात परिचारिका आहे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका सकाळी तिला सांगण्यात आले, की बारा नंबरचे आजोबा रात्री 'पास्ड ऑन'. निरोप पुढे पोचवणे, एवढाच अर्थ तिला ठाऊक. तिने वही काढली आणि विचारले, "काय निरोप आहे?" कुणीच हसले नाही. मग तिची नजर रिकाम्या खाटेकडे गेली.

फोनवर हे सांगताना तिला रडू आवरेना. "काका, एवढ्या परीक्षा दिल्या, आणि इतके साधे कळू नये?"

मी पडलो मराठीचा मास्तर. म्हटले, "अगं, आपल्याकडे तरी निराळे काय आहे? जम बसला की लोक पेढे वाटतात, आणि धंदा बसला की तोंड लपवतात. बसणे तेच! 'आजोबा गेले' असे नवख्या माणसाने ऐकले, तर तोही विचारीलच, 'कुठे गेले?' आपण विचारीत नाही, कारण सांगणाऱ्याचा उतरलेला आवाज आपण आधीच ऐकलेला असतो. तुझ्या कोशात तो आवाज कुठून येणार?"

तेव्हापासून ती वहीत नुसता शब्द उतरवीत नाही. कोण, कुणाला, कशावरून म्हणाले, ते सबंध वाक्य लिहिते. वही आता निम्मी भरली आहे. तिच्यातले पहिले वाक्य बारा नंबरच्या आजोबांचे आहे.