तारांचे दिवस

नागपूरहून लेकीच्या दातांना तारा बसवून एस.टी.नं रामटेकला परतलो, तेव्हा तिला पोळीचा तुकडाही चावेना. तारेच्या दाबानं दात हाडात हळूहळू सरकतात. पहिले 3-4 दिवस ठणका असतोच, असं डॉक्टर म्हणाले होते. फुटाणे, चिक्की, हाडाची बोटी बंद.

शेजारच्या खाला म्हणाल्या, ‘अल्लाहनं दिलेले दात तारेनं बांधायचे?’ अम्मींनी त्यांना अरफजा (रजि.) यांची आठवण दिली. लढाईत नाक गमावलेल्या त्या सहाबींना पैगंबर साहेबांनी (स.) सोन्याचं नाक लावायला सांगितलं होतं. खाला गप्प झाल्या. पटलं की नाही, कोण जाणे! पोरगी ओढणी तोंडावर धरूनच हसायची, हे त्यांनी कधी पाहिलं नसावं.

अम्मींच्या तोंडात आता एकही दात नाही. त्यांच्यासाठी रोज शिजणारा गुरगुट्या भात, मुगाचं वरण, दही लेकीच्याही ताटात आलं. जुम्म्याला खिचडा झाला; गहू, डाळी, मटण पार एकजीव होईपर्यंत अम्मींनीच घोटला. रामटेक पानमळ्यांचं गाव. अम्मी पानही खलबत्त्यात कुटून खातात. त्याच खलबत्त्यात त्यांनी नातीसाठी बदाम कुटले. दुधाला पानाचा वास आला म्हणून ती कुरकुरली, पण पेला रिकामा केला.