भिलाईचा संसार, हुडकेश्वरचा हिशेब

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या रात्री आमच्या हुडकेश्वरच्या घरी दरवर्षी भिलाईची मंडळी उतरतात. चुलत दादा, वहिनी आणि त्यांची दोन लेकरे. पहाटे उठून दीक्षाभूमीवर जायचे, रात्री परत यायचे, दुसऱ्या दिवशी दुर्गची गाडी पकडायची, असा नेम. यंदा मात्र दादा जेवण झाल्यावर वही घेऊन बसले आणि म्हणाले, "बाबू, तुझ्या हुडकेश्वरात राहायला यायचं म्हणतो. महिन्याचं कसं भागते ते खरंखरं सांग."

त्या वहीची ही हकिगत. महाराष्ट्राबाहेर पोटासाठी गेलेल्या आणि आता परतू पाहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांच्या ती उपयोगी पडावी, म्हणून लिहितो आहे.

आमचे मूळ गाव भंडारा जिल्ह्यात. शेती नावाला. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा, १९५८ साली, मोठे बाबा मातीकामाला तिकडे गेले. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, तिथली पहिली भट्टी पेटली. विदर्भातले आपले कितीतरी लोक असेच भिलाई, दुर्ग, राजनांदगाव इकडे गेले. मोठे बाबा तिथेच राहिले, तिथेच वारले. दादांचा जन्म तिकडचा. ते ठेकेदाराकडे कामाला आहेत. कायम नोकरी नाही, म्हणून कंपनीचे क्वार्टरही नाही.

एक गोष्ट आपण विसरतो. मोठे बाबा लहान होते तेव्हा हे परराज्य नव्हतेच. नागपूर, भंडारा आणि दुर्ग हे सारे एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा दिली, तेव्हा राजनांदगावहून आलेला माणूस आपल्याच राज्याच्या राजधानीत आला होता. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, दुर्ग मध्य प्रदेशात राहिले. २००० साली छत्तीसगड वेगळे झाले. आज गोंदिया सोडून गाडी दरेकसाच्या बोगद्याकडे निघाली की राज्य बदलते. प्रवास चार-साडेचार तासांचा, पण कागदाच्या हिशेबाने फार लांबचा.

आता हुडकेश्वरविषयी. सक्करदऱ्याहून म्हाळगीनगर चौक ओलांडला की हुडकेश्वर रोड लागतो. पूर्वी हे शेतीवाडीचे खेडे. शेतांचे ले-आऊट पडले आणि शहरात घर परवडेना अशी आमच्यासारखी माणसे प्लॉट घेऊन इकडे आली. २०१३ साली हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे महानगरपालिकेत आली. आम्ही आलो तेव्हा पावसाळ्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागे, इतकी काळी माती. आता रस्ते झाले, तसा घरटॅक्सही आला.

वहीत पहिले कलम भाड्याचे. दादा तिकडे दोन खोल्यांना चार हजार देतात. आमच्या गल्लीत तशाच दोन खोल्यांचे सहा हजार मागितले. दुसरे कलम विजेचे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय रात्र जात नाही आणि वीज तिकडच्यापेक्षा महाग. पेट्रोलही इकडे महाग. शिवाय इथला कामगार हिंगण्याच्या नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत जातो. हुडकेश्वरहून रोजचे जाणे-येणे म्हणजे गाडी हवीच.

गाडीवरून आठवले. दादांची मोटारसायकल छत्तीसगडची. दुसऱ्या राज्यात ती बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र आणायचे, इकडचा कर भरायचा आणि नवा नंबर घ्यायचा. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे.

रेशनचे वहिनींनी विचारले. एक देश एक रेशनकार्ड झाल्यापासून केंद्राचे माणशी पाच किलो धान्य कुठल्याही राज्यात उचलता येते आणि २०२३ पासून ते फुकट आहे. पण छत्तीसगड सरकार आपल्याकडून वरचा तांदूळ देते, तो तिथेच राहतो. वहिनींना २०२४ पासून महतारी वंदन योजनेचे महिन्याला हजार रुपये मिळतात. ती योजना तिथल्या रहिवासी बायांसाठी. घर हलवले की तेही गेले. इकडच्या लाडक्या बहिणीचे पंधराशे नुसत्या पत्त्यावर मिळत नाहीत, त्यालाही महाराष्ट्राच्या रहिवासाचा पुरावा लागतो.

बेरीज केली तर हुडकेश्वरचा महिना चार-साडेचार हजारांनी जड निघाला. दादा गप्प झाले.

मग वहिनी म्हणाल्या, "पैशाचं झालं. बाकीचं पण लिहा ना!"

बाकीचे म्हणजे काय? मेडिकल हॉस्पिटल इथून जवळ. चालत जाता येईल असे विहार, रविवारची वंदना, अडीअडचणीला धावून येणारा शेजार. वस्तीतल्या पोरापोरींची अभ्यासिका. दीक्षाभूमी आठ-दहा किलोमीटरवर आणि तिथेच १९६४ साली सुरू झालेले डॉ. आंबेडकर महाविद्यालय. भिलाईतही विहार आहे, जयंतीही जोरात होते, तिथले बांधव कुठे कमी नाहीत. पण आपली भाषा दारात ऐकू येणे ही गोष्ट वेगळी. दादांची लेक घरात मराठी बोलते, लिहिते मात्र हिंदी. २०२० च्या कायद्याने इथल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तिला पहिले वर्ष जड जाईल, हेही आम्ही वहीत लिहिले.

पोरगी यंदा आठवीत. हुशार आहे, डॉक्टर व्हायचे म्हणते. खरे तर तिच्यासाठीच हा सारा खटाटोप.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात आमच्या वस्तीतले एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी कलमे वाचली आणि विचारले, "हे सगळं ठीक आहे. पण पोरीची जात कोणत्या राज्याची?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. जात काय, आपली ती आपलीच. तिकडच्या यादीतही महार आहे, इकडच्या यादीतही आहे. बौद्धांना तर केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. मग अडचण कुठे?

गुरुजींनी समजावून सांगितले ते असे. अनुसूचित जातींची यादी राज्यवार आहे. १० ऑगस्ट १९५० ला तुमचे घराणे ज्या प्रदेशात राहत होते, ते तुमचे मूळ राज्य. दुसऱ्या राज्याच्या यादीत तेच नाव असले तरी तिथल्या राज्य सरकारच्या सवलती स्थलांतरिताला मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये हेच सांगितले. केंद्राची नोकरी आणि केंद्राच्या संस्था यांत मूळ राज्याच्या दाखल्यावर हक्क चालतो. राज्याच्या कॉलेजात नाही.

तेव्हा दादांनी मनातले सांगितले. छत्तीसगडमध्ये लेकीचा दाखला काढायला गेले, तर १९५० पूर्वीचा तिथलाच पुरावा मागितला. घराणे गेले १९५८ ला, तो पुरावा आणायचा कुठून? हात हलवत परत आले. आता इकडे यावे तर इथे म्हणणार, तुम्ही छत्तीसगडचे. म्हणजे पोर ना इकडची ना तिकडची!

"तसं नाही," गुरुजी म्हणाले. "ती इकडचीच आहे. फक्त सिद्ध करावं लागेल."

१९५० मध्ये मोठे बाबा भंडारा जिल्ह्यात होते. त्या प्रदेशाचे राज्य आज महाराष्ट्र. म्हणून दाखल्याचा अर्ज करायचा तो नागपुरात नव्हे, तर जिथे घराणे तेव्हा राहत होते तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे. पुरावा म्हणजे आजोबाच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचा जुना कागद, यांपैकी जे सापडेल ते. आजोबा, बाप, लेक यांची नाती कागदाने जुळली पाहिजेत. त्यानंतर जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र. ते नसेल तर राखीव जागा, फी-सवलत सारेच अडते. वसतिगृहात जागा न मिळणाऱ्या मुलांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, तिलाही महाराष्ट्राचा रहिवास आणि जातीचा दाखला हवाच. आणि राज्याच्या कोट्यातून डॉक्टर व्हायचे तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पास झालेली हवी. म्हणजे नववीलाच इकडे यायला पाहिजे.

दादांनी दुर्गची गाडी सोडून दिली. तिसऱ्या दिवशी आम्ही बाप-लेकीला घेऊन गावी गेलो. शाळेच्या जुन्या रजिस्टरात मोठ्या बाबांचे नाव सापडले. १९४४ सालचा प्रवेश, जातीच्या रकान्यात महार. पोरीने बोटाने ती ओळ वाचली. शाई फिकी झाली होती, तरी वाचता येत होती. मोठे बाबा दुसरी पास होऊन शाळेतून निघाले होते. त्या दोन वर्षांच्या शाळेवर आज नातीचा अर्ज उभा आहे.

अडचण संपली नाही. त्या रजिस्टरात आडनाव एका तऱ्हेने लिहिले आहे, दादांच्या हिंदी दाखल्यात दुसऱ्या तऱ्हेने. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले. अर्ज दाखल झाला आहे, निकाल यायचा आहे. दादांनी ठरवले आहे, शाळा सुरू होण्याआधी मे महिन्यात बिऱ्हाड हलवायचे. वरच्या चार हजारांसाठी वहिनी शिवणकाम करणार आहेत. आमच्या मागची खोली आम्ही पहिले सहा महिने बिनभाड्याने देऊ केली आहे.

बांधवांनो, राज्य बदलताना भाडे, तांदूळ, वीज, पेट्रोल यांचा हिशेब जरूर करा. महिन्याची तूट जास्तीचे काम करून भरून निघते. पण कागद राहिला तर लेकराचे वर्ष जाते आणि ते भरून निघत नाही. म्हणून सामानाचा ट्रक भरण्याआधी गावच्या शाळेत जा आणि आजोबांचे नाव शोधा. ज्यांचे म्हातारे अजून हयात आहेत त्यांनी आजच त्यांच्याजवळ बसून विचारावे, कोणत्या गावी, कोणत्या शाळेत, कोणत्या साली. परराज्यातल्या आपल्या नातेवाइकांनाही हे कळवा.

जयभीम.