जेवलीस काय?

आमच्या बेळगाव भागात माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठी घरात ‘जेवलीस काय?’ आणि शेजारच्या कानडी घरात ‘ऊटा आतेन्री?’ उत्तर कोणी फारसे मनावर घेत नाही. ‘झालं की’ म्हणायचे आणि पुढे चालायचे. पण या साध्या प्रश्नावर एखाद्याचे औषध अवलंबून असू शकते, हे मला माझ्या आत्यामुळे कळले. हा लेख मी तिला वाचून दाखवला आहे आणि तिच्या संमतीनेच छापायला दिला आहे. तिचे नाव यात नाही. म्हणून माझेही नाही.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. कॉलेजसाठी आत्याकडे राहते. घरात आत्या, तिच्या सासूबाई आणि मी. आत्याचे यजमान वारले त्याला बरीच वर्षे झाली. आत्याला पित्ताचा त्रास, हे सगळ्या आळीला ठाऊक. फडताळात तिचा एक पत्र्याचा डबा असे, त्याला आम्ही ‘पित्ताचा डबा’ म्हणत असू. रोज रात्री झोपताना ती त्यातली एक गोळी घेई आणि वर दोन चमचे पातळ औषध पिई.

एके रात्री माझ्याच छातीत जळजळू लागले, म्हणून मी तो डबा उघडला. पातळ औषधाच्या बाटलीमागे गोळ्यांची एक पांढरी बाटली होती. तिच्यावरची नावे वाचली आणि माझे हातपाय गार पडले. त्या एचआयव्हीच्या गोळ्या होत्या.

पुढचे सांगायला लाज वाटते, पण सांगितले पाहिजे. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. एका ताटात जेवल्याने किंवा एका भांड्यातले पाणी प्यायल्याने हा विषाणू लागत नाही, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तरी दुसऱ्या दिवशी मी माझा पेला वेगळा ठेवला. आत्या दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, “पेला निराळा ठेवलीस. म्हणजे तुला कळलं की.”

त्या दुपारी तिने सगळे सांगितले. आपल्या देशात 2004 पासून सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. आत्याचा उपचार 2015 साली सुरू झाला. तेव्हाच्या गोळीत एफाविरेन्झ नावाचे औषध होते. ती रात्री झोपताना, रिकाम्या पोटी घ्यायची. कारण तेलातुपाच्या जेवणावर घेतली तर ते औषध रक्तात जास्त उतरते आणि चक्कर, विचित्र स्वप्ने असले त्रास वाढतात. “पण उपासाच्या रात्रीच मला जास्त गरगरायचं,” आत्या म्हणाली. उपास म्हणजे रिकामे पोट, अशी तिची समजूत. साबुदाण्याची खिचडी, तिच्यातले तूप आणि शेंगदाण्याचे कूट तिने कधी हिशेबात धरलेच नव्हते!

2021 मध्ये तिची गोळी बदलली. नव्या गोळीत डोल्युटेग्राविर आले. तिला जेवणाचे बंधन नाही, केव्हाही घ्या, असे तिला सांगण्यात आले. जेवणाचे बंधन नाही म्हणजे कशाचेच नाही, असा अर्थ आत्याने घेतला. सासूबाईंना संशय येऊ नये म्हणून तिने गोळी पित्ताच्या डब्यात ठेवली, आणि ती पित्ताचीच वाटावी म्हणून रोज पातळ औषधाबरोबर घेऊ लागली.

यंदाच्या तपासणीत रक्तातला विषाणू वाढलेला निघाला. “गोळ्या चुकवता काय?” असे तिला विचारले गेले. ते तिच्या फार जिव्हारी लागले होते. “एक दिवस चुकवली नाही ग मी,” असे म्हणून ती रडली. पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले.

तिथल्या समुपदेशक बाई कानडी होत्या. त्यांनी आधी विचारले, “ऊटा आतेन्री?” मग रात्री काय जेवता, गोळी किती वाजता घेता, तिच्याबरोबर आणखी काय घेता, असे एकेक विचारत गेल्या. आत्याने पातळ औषधाची बाटली पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. बाईंनी त्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि कपाळावर हात मारला.

त्यात मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम होते. डोल्युटेग्राविर या धातूंना पोटातच चिकटून बसते आणि मग ते रक्तात शोषले जात नाही. दोन्ही एकाच वेळी घेतली तर औषधाचा सुमारे पाऊण हिस्सा वाया जाऊ शकतो. म्हणजे आत्या रोज नेमाने गोळी गिळत होती, पण तिचा थोडाच भाग रक्तापर्यंत पोचत होता. अशा अपुऱ्या औषधात विषाणू वाढतो आणि पुढे औषधाला दाद न देण्याचाही धोका असतो. नियम साधा आहे. असले पित्ताचे औषध घ्यायचे तर गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांनाही रिकाम्या पोटी हेच अंतर लागते. जेवणाबरोबर मात्र त्या एकत्र चालतात.

बाहेर बाकावर बसलेले एक गृहस्थ आपणहून सांगू लागले, “मी दारू घेतली की त्या दिवशी गोळी घेत नाही. दोन्ही एकत्र म्हणजे विषच की.” बाईंनी ते ऐकले आणि त्यांना तिथेच थांबवले. दारू यकृताला वाईट, ती सोडलीच पाहिजे. पण ती घेतली म्हणून गोळी चुकवणे हे त्याहून वाईट.

पुढे मी याविषयी थोडे वाचले. प्रत्येक औषधाचा स्वभाव निराळा. 1996 साली आलेले इंडिनाविर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी घ्यावे लागे, आणि मूतखडा होऊ नये म्हणून दिवसाला निदान दीड लिटर पाणी प्यावे लागे. रिल्पिविरिनच्या गोळीचे याच्या उलट. ती पोटभर जेवणाबरोबरच घ्यायची, नाहीतर पुरेशी अंगी लागत नाही. तेव्हा एकाचा नियम दुसऱ्याला लावून चालत नाही. आपल्या गोळीचा नियम आपल्या डॉक्टरांनाच विचारावा, आणि घरात चालणारे प्रत्येक चूर्ण, काढा, टॉनिक त्यांच्यापुढे ठेवावे.

आता आत्या सकाळी नाश्त्याच्या वेळी गोळी घेते. पित्ताचे औषध लागलेच तर रात्री. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा विषाणू सापडण्याइतकाही उरला नव्हता.

मला राहून राहून वाटते, आत्याची चूक औषधाची नव्हती, लपवण्याची होती. आणि लपवणे हा तिचा दोष नव्हता. मला, शिकलेल्या मुलीला, पेला वेगळा ठेवावासा वाटला, तर तिने कोणाच्या भरवशावर सांगावे? तिच्या संमतीवाचून तिचा आजार उघड करू नये, असे 2017 चा कायदा सांगतो. पण तिला सांगावेसे वाटावे असे घर कायद्याने उभे राहत नाही.

गोळ्यांची बाटली सध्या माझ्या पुस्तकांच्या कप्प्यात असते. सकाळी मी विचारते, “जेवलीस काय?” ती “झालं की” म्हणते, आणि आम्हां दोघींनाच त्याचा अर्थ कळतो. येत्या उन्हाळ्यात माझी शेवटची परीक्षा आहे. मी गेल्यावर हे कोण विचारणार? सासूबाईंना सांगायचे की नाही, हे आत्याचे तिने ठरवायचे आहे. परवा मात्र तिने एवढेच विचारले, “त्यांनी पेला निराळा ठेवला तर?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिच्याच पेल्यातले पाणी प्यायले आणि कॉलेजला निघाले.