हैदराबादचा एक दिवस आणि आजीच्या चपला

आमच्या घरात प्रवासाला कारण लागते. लग्न, मयत, कोर्टाची तारीख, नाही तर दवाखाना. नागपूरला आणि सहा डिसेंबरला मुंबईला जाणे होते, पण त्याला आम्ही कधी फिरणे म्हटलेले नाही. नुसते एखादे शहर पाहायचे म्हणून गाडीत बसावे, असे या दिवाळीच्या सुटीपर्यंत आमच्या घरात कोणी केलेले नव्हते. हट्ट मुलांचा. थोरली आठवीत, धाकटा पाचवीत. सुटी संपली की बाई वर्गात निबंध लिहायला देतात, सुटीत काय पाहिले म्हणून. "आम्ही दरवर्षी मामाचं गाव किती वेळा लिहायचं?" असे थोरलीने विचारले आणि आम्ही दोघेही गप्प बसलो.

हैदराबाद ठरले ते खर्चाकडे पाहून. जालन्याला रात्री गाडीत बसायचे, सकाळी उतरायचे, दिवसभर हिंडायचे आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परत यायचे. लॉजचे भाडे वाचते. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे आजीचे वय बहात्तर असूनही तिकीट पूर्ण. तिकिटे सोडून दिवसभराच्या खर्चाला पंधराशे रुपये पाकिटात घातले आणि थोरलीच्या वहीत जमाखर्चाचे पान आखले. हिशेबनीस तीच.

आजीने दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. आठवडी बाजारातून स्वतःसाठी नव्या चपला आणल्या. "शहरगावी जायचं, ह्या तुटक्या बऱ्या दिसतेत का?" असे म्हणून जुन्या चपला तिने दाराआड सारल्या. ती जन्मली तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. म्हणजे हैदराबाद ही तिच्या लहानपणची राजधानी. पण तिने ती पाहिली नव्हती. शेतमजुरी आणि पुढे शाळेत खिचडी शिजविणे, यात राजधानीचे काम पडत नाही.

काचीगुडा स्थानकाची इमारत १९१६ ची. घुमट, कमानी पाहून धाकट्याला वाटले हाच चारमिनार. तिथेच हातपाय धुतले, सामान जमा केले आणि अफझलगंजची बस पकडली. पाट्या तेलुगूत, आम्हाला एक अक्षर लागेना. आजीला मात्र बोलण्याची अडचण नव्हती. जालन्याच्या मोंढ्यात ऐकलेली दखनी तिला बरोबर कामी आली आणि अर्ध्या बसशी तिची ओळख झाली.

बसमध्ये बायकांना शून्य रुपयांचे तिकीट मिळत होते. तेलंगणात २०२३ च्या डिसेंबरपासून महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. आम्हीही आनंदाने आधार कार्डे पुढे केली. कंडक्टरने पत्ता वाचला, हसला आणि पैसे मागितले. सवलत त्या राज्यातल्या बायकांपुरती. आपल्या एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, इथे आम्हाला पूर्ण! वहीत पहिलाच आकडा अंदाजापेक्षा मोठा पडला. त्याच वेळी आम्ही ठरविले, की यापुढे जवळचे अंतर पायी जायचे. हा निर्णय घेताना आम्ही आजीला विचारले नाही.

मुसी नदीच्या अलीकडे उस्मानिया दवाखाना आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात त्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, असे सांगतात. आजी म्हणाली, "चिंच चिवट असती." नदी ओलांडली की सालारजंग संग्रहालय. शुक्रवारी ते बंद असते हे लक्षात ठेवावे. आम्ही बुधवार धरून गेलो होतो.

मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी जमविलेल्या वस्तू तिथे आहेत. १९५१ मध्ये त्यांच्या वाड्यातच संग्रहालय सुरू झाले, १९६८ मध्ये या इमारतीत आले. दालनामागून दालन. हस्तिदंत, तलवारी, चिनी मातीची भांडी. बेंझोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराची १८७६ मधली रिबेका आहे. संगमरवराचाच बुरखा आणि त्यातून दिसणारा संगमरवराचाच चेहरा. थोरली तिथून हलेना. आजीने मात्र भांड्यांची कपाटे पाहून विचारले, "हे सगळं पुसायला किती माणसं लागत असतील?"

तिथला घड्याळाचा कार्यक्रम चुकवू नये. दर तासाला एक दाढीवाला बाहुला दार उघडून बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. एक चिमुकला लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारीत असतो. बाराच्या ठोक्याला सगळ्यांत मोठी गर्दी, कारण टोले बारा. श्रीमंत, गरीब, पोलीस, शाळेची पोरे, सगळे एकाच घड्याळाकडे तोंड वासून! धाकट्याने टोले मोजले आणि बाहुला आत जाताच दुपारी एकपर्यंत थांबू म्हणाला.

बाहेर सावली पाहून दशम्या खाल्ल्या आणि चारमिनारकडे निघालो. अंतर दीड किलोमीटरभर. पथरगट्टीची दगडी दुकाने, अत्तर, मोती, कापड, गाड्यांचा गलका. आम्ही पुढे, मुले मध्ये, आजी मागे. दोनदा वळून पाहिले तर ती पदराने तोंड पुसत दुकानाच्या पायरीला टेकलेली. "काय झालं?" विचारले तर म्हणाली, "मोती बघते." आम्ही मानले. मानणे सोयीचे होते.

चारमिनार १५९१ चा, मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधविलेला. चित्रात पाहून वाटतो त्यापेक्षा जवळून फार मोठा. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही म्हणून थोरलीने वहीत आनंदाने शून्य लिहिले. जिना अरुंद आणि वळणाचा. आजी म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी हिथंच बसते." गुडघे दुखत असतील असे समजून आमच्यापैकी एक मुलांना घेऊन वर गेला आणि एक तिच्याजवळ थांबला. तेव्हा तिने चपला काढल्या. दोन्ही टाचा सोललेल्या. उजव्या अंगठ्याजवळचा फोड फुटून चपलेचा पट्टा ओला झालेला.

"आई, सांगायचं नाही का?"

"सांगून काय? तुम्ही रिक्षा केली असती. पोरीची वही बिघडली असती."

आमच्या घरात काटकसर कधी कोणाला शिकवावी लागली नाही, याचा आम्हाला अभिमान होता. त्या दिवशी कळले की बसच्या तिकिटाचे पैसे आम्ही वाचविले नव्हते, ते आजीच्या टाचांनी भरले होते. आणि हे काही पहिल्यांदाच होत नसावे. घरात भाजी कमी पडली की "मला भूकच नाही" म्हणणारी तीच असते. वहीत तिच्या या खर्चाला रकानाच नव्हता.

मुले उतरल्यावर औषधाच्या दुकानातून पट्टी घेतली, फडके बांधले आणि घासाघीस न करता रिक्षा केली. हुसेनसागरपर्यंत अडीचशे रुपये. थोरलीने आकडा लिहिला, काही बोलली नाही. फक्त आजीची पिशवी स्वतःच्या खांद्याला घेतली.

लुंबिनी पार्कच्या दाराशी हिशेब केला. पाचही जण बोटीने बुद्धमूर्तीपर्यंत गेलो तर रात्रीची बिर्याणी गेली. बिर्याणीसाठी धाकटा जालन्यापासून दिवस मोजत होता. आजी लगेच म्हणाली, "तुम्ही जा, मला हिथनं दिसतंय की." आता ते ऐकायचे नाही असे आम्ही ठरविलेच होते. पण आमच्या आधी थोरली बोलली, "पाच तिकिटं." धाकट्याचे तोंड उतरले. तो रडला नाही, एवढे त्याच्या बाजूने लिहिले पाहिजे.

मूर्ती अठ्ठावन्न फुटांची, एकसंध पांढऱ्या ग्रॅनाइटची. १० मार्च १९९० रोजी तराफ्यावरून नेताना ती तलावात बुडाली. सोबतची काही माणसेही गेली. पुढे ती वर काढून १ डिसेंबर १९९२ रोजी तलावातल्या खडकावर उभी केली. बोटीत हे वाचून दाखविले तेव्हा आजीने दोन प्रश्न विचारले. "म्हणजे अडीच वर्षं पाण्यातच व्हती?" आणि "ती माणसं कोण्या गावची व्हती?" नावाडी काही बोलला नाही.

खडकावर उतरल्यावर तिने चपला बोटीच्या धक्क्यावरच ठेवल्या. फडके बांधलेल्या पावलांनी चबुतऱ्याला पूर्ण फेरी घातली, हात जोडले आणि पाण्याकडे पाहत बसून राहिली. परतीच्या बोटीतून काठावरचा बाबासाहेबांचा पुतळा दिसला. १४ एप्रिल २०२३ रोजी अनावरण झालेला, एकशे पंचवीस फुटांचा, खाली पन्नास फुटांचा चौथरा. घडविणारे राम सुतार मूळचे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. दिवे लागत होते. आजी म्हणाली, "हैदराबाद बघितलं." धाकटा म्हणाला, "बिर्याणी राहिली."

स्थानकावर उरलेल्या दोन दशम्या पाच जणांत वाटल्या. इराणी चहा घेतला, उस्मानिया बिस्किटांचा पुडा फोडला. गोडसर आणि खारट अशी ती बिस्किटे चहात बुडवून खाताना धाकट्याचा राग निम्मा गेला. वहीत शेवटी एकोणतीस रुपये शिल्लक निघाले. थोरलीने खाली रेघ मारली आणि रेघेखाली लिहिले, "आजी - दोन टाचा".

गाडीत चढताना आजी अनवाणीच होती. नव्या चपला पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. टाकून दे म्हटले तर म्हणाली, "टाकायच्या कशाला? पोरीच्या पायाला होतील दोन वर्षांनी."

"मी नाही घालणार," थोरली म्हणाली, आणि वरच्या बाकावर चढून तोंड फिरवून झोपली.