आवणी आणि लावणी

पंधरा वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाचे निबंध तपासताना एका शब्दावर मी लाल रेघ ओढली होती. विद्यार्थी अकोले तालुक्यातील डांगाणातला, महादेव कोळी समाजाचा. त्याने ‘आवणी’ लिहिले होते. मी समासात ‘लावणी’ हा ‘शुद्ध’ शब्द दिला. माझे बालपण राहुरीकडच्या कालव्याच्या पट्ट्यात, उसात गेलेले. राबात वाढवलेली भाताची रोपे उपटून चिखलात लावण्याच्या कामाला डोंगरपट्ट्यात आवणी म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते. विद्यार्थी काही बोलला नाही. पुढच्या निबंधात मात्र त्याने शेतीचा विषयच टाळला.

हा प्रमाद केवळ अज्ञानाचा नव्हता. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 चा; त्यात ठाकरी, वारली, काथोडी यांची नोंद आहे, हे मी एम.ए.च्या वर्गात शिकवीत होतोच. बोलींचा गौरव व्याख्यानात करावयाचा आणि उत्तरपत्रिकेत त्यांचे गुण कापावयाचे, हा आपणा मराठीच्या अध्यापकांचा जुना परिपाठ. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयात सभा झाली. त्या सभेत या बोलींचा उल्लेख कोणीही केला नाही. मीही केला नाही.

अरुण जाखडे यांनी संपादित केलेला लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड 2013 मध्ये आला. नोंदीचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु शब्द टिकतो तो त्याच्यामागचे काम टिकले तर, हे मला ग्रंथालयात नव्हे, कोंभाळण्यात उमगले. शाळेत न गेलेल्या राहीबाई पोपेरे यांनी तेथे वालाची, भाताची देशी वाणे जपली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाणे बँकेतून नेलेले बी पीक आल्यावर दुप्पट परत करावयाचे असते. काळभात, रायभोग ही नावे तेथे कोशात नाहीत, मडक्यांत आहेत. बी घरोघर जाते, त्याबरोबर नावही जाते. आमच्या शब्दसंग्रहांना असा परतावा कधी मिळाल्याचे स्मरत नाही.

तो विद्यार्थी आता आश्रमशाळेत शिक्षक आहे. मुलांकरवी आजी-आजोबांचे शब्द तो वहीत उतरवून घेतो. गेल्या पावसाळ्यात मी तेथे गेलो. मुले शब्द लिहीत होती प्रेमाने, पण आपसांत बोलत होती पुस्तकी मराठीच. तोही त्यांच्याशी तसेच बोलत होता. मी हे निदर्शनास आणताच तो हसला. “सर, सवय तुमच्याच वर्गातली,” म्हणाला.

वहीत ‘आवणी’पुढे अर्थ लिहिला होता : लावणी. वही पाहायला आलेल्या एका आजीला मुलीने तो वाचून दाखवला. आजीने मान हलवली. “लावणी उसाची असंल, बाई,” ती म्हणाली, आणि चिखलात वाकून हात कसा चालतो ते तिला करून दाखवू लागली.