पुसलेला तास : कार्बनची सायकल आणि एका विक्रमाची फेरनोंद

१/
आजचा धागा गडकोटांचा नाही, सायकलींचा आहे. तरीही प्रश्न आपल्याच विद्येतला आहे. घडून गेलेली, मोजलेली आणि नोंदवलेली गोष्ट पुढे एखादी संस्था ‘ही धरायची नाही’ असे ठरवू शकते काय? २००० साली आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, नेमके हेच केले. त्यामागे एका नव्या पदार्थाची गोष्ट आहे.

२/
तो पदार्थ म्हणजे कार्बन फायबर. १९५८ मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन यांनी युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत कार्बनचे अतिबळकट तंतू ओळखले. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून असे तंतू करण्याची वाट दाखवली. साठच्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमानसंशोधन केंद्राने ती पद्धत पक्की केली. धागा प्रथम हवेत तापवायचा, मग प्राणवायूविना हजार अंशांहून अधिक उष्णतेत भाजायचा. उरतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन, केसाहून कितीतरी बारीक.

३/
पोलादाची नळी सर्व दिशांना सारखी वागते. कार्बनचा तंतू मात्र आपल्या लांबीच्या दिशेनेच बलवान असतो. म्हणून राळेत भिजवलेले त्याचे पातळ थर वेगवेगळ्या कोनांत साच्यात रचतात आणि दाब व उष्णता देऊन घट्ट करतात. पॅडलचा जोर जिथे फ्रेमला पिळतो, तिथे थर तिरपे ठेवायचे. जिथे वाक सोसायचा, तिथे नळीच्या लांबीने. एकच सायकल आडवी ताठ आणि उभी किंचित लवचिक करता येते. पोलादाच्या कारागिराला धातू निवडता येत असे. इथे तर पदार्थाचा स्वभावच घडवता येतो.

४/
नवा पदार्थ आला की माणूस आधी त्यातून जुनीच वस्तू करतो. लाकडी बांधकामाचे सांधे आणि तुळया दगडात कोरणारी आपली लेणी आठवा. सायकलीतही तसेच झाले. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँड कार्बनच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकला, पण त्या फ्रेममध्ये कार्बनच्या गोल नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवल्या होत्या. आकृती पोलादी सायकलीचीच होती. त्याच वर्षी अमेरिकेतील केस्ट्रेलने सांध्यांविना घडवलेली कार्बन फ्रेम बाजारात आणली.

५/
इंग्लंडमधील नॉर्विचच्या माइक बरोज यांनी पुढचा प्रश्न विचारला : साच्यातून हवा तो आकार निघत असेल, तर नळ्या हव्यातच कशाला? त्यांनी विमानाच्या पंखासारखी, एकसंध कवचाची सायकल घडवली. ऐंशीच्या दशकात नियमांनी तिला दारातच अडवले. १९९० मध्ये बंदी उठली, लोटस या मोटार कंपनीने ती कल्पना हाती घेतली, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन ‘लोटस १०८’ वर ४,००० मीटर पाठलाग शर्यतीत उतरला. पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले. अंतिम फेरीत त्याने प्रतिस्पर्ध्याला चक्क मागून गाठले. ब्रिटनला सायकलिंगमधले सुवर्ण ७२ वर्षांनी मिळाले होते.

६/
आता ‘तासाचा विक्रम’. एक स्वार, एक ट्रॅक, साठ मिनिटे, किती अंतर? १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर कापले. १९८४ मध्ये फ्रांचेस्को मोझरने भरीव चाकांनिशी ५० ची रेषा ओलांडली. जुलै १९९३ मध्ये एकाच आठवड्यात ग्रेम ओब्री ५१.५९६ आणि बोर्डमन ५२.२७०. १९९४ मध्ये मिगेल इंदुराइन एकसंध कार्बनच्या पिनारेल्लोवर ५३.०४०. १९९६ मध्ये बोर्डमन, हात पुढे लांबवलेल्या पवित्र्यात, ५६.३७५.

७/
यूसीआय अस्वस्थ झाली. पैसा आणि प्रयोगशाळा असणारेच जिंकू लागले, तर पायांची किंमत काय? ही चिंता मला खोटी वाटत नाही. ऑक्टोबर १९९६ च्या लुगानो सनदेत तत्त्व मांडले गेले : यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ. २००० पासून नियम लागू झाले. फ्रेम दोन त्रिकोणांचीच हवी, सायकल ६.८ किलोंहून हलकी नको. १८८५ च्या स्टार्लींच्या ‘रोव्हर’पासून काही वर्षांत जी आकृती रूढ झाली, तीच आता कायद्याने ‘सायकल’ ठरली.

८/
पुढच्या काळाला नियम घालणे हा संस्थेचा अधिकार. पण २००० साली यूसीआय मागेही गेली. मोझरपासून बोर्डमनपर्यंतचे सारे आकडे ‘सर्वोत्तम मानवी प्रयत्न’ या वेगळ्या रकान्यात हलवले आणि अधिकृत विक्रम पुन्हा मर्क्सचा, ४९.४३१, ठरवला. सोळा वर्षांचा इतिहास एका ठरावाने बाजूला झाला.

९/
मर्क्सची ती सायकल तरी ‘साधी’ होती काय? एर्नेस्तो कोल्नागोने ती खास त्या एका तासासाठी बांधली होती. साखळीलाही भोके पाडून वजन घटवलेले. सारी सायकल सहा किलोंच्या आत, म्हणजे नव्या किमान वजनाहून हलकी. शिवाय मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंच. विरळ हवेत अडथळा कमी. ज्याला निर्मळ भूतकाळ म्हणून पुढे केले, तोही आपल्या काळातील सर्वोत्तम तंत्रज्ञानच होते.

१०/
अभियंत्यांनी नव्या चौकटीतही वाट काढली. नळीची खोली रुंदीच्या तिपटीहून अधिक नको, असा नियम होता. मग त्यांनी पंखाच्या आकाराची शेपटीच छाटली. मागचे टोक सपाट कापले, तरी हवा जणू पूर्ण आकार असल्यासारखीच वाहते. हे तत्त्व तीसच्या दशकात जर्मन अभियंते वुनिबाल्ड काम यांनी मोटारींसाठी मांडले होते. आजच्या वेगवान रोड बाइकची नळी कापून पाहिली, तर कित्येकदा असा शेपूटतुटका पंख दिसेल. तिचा आकार हवेने जितका ठरवला, तितकाच कायद्याने.

११/
ऑक्टोबर २००० मध्ये कारकिर्दीच्या अखेरीस बोर्डमन पुन्हा मँचेस्टरच्या ट्रॅकवर उतरला. जुन्या धाटणीची सायकल, तारांची चाके. अंतर ४९.४४१ किलोमीटर, मर्क्सहून अवघे दहा मीटर अधिक. स्वतःच्याच ५६.३७५ ची नोंद हलवली गेल्यावर हा माणूस ४९ साठी तासभर झिजला, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. मे २०१४ मध्ये यूसीआयने पुन्हा आधुनिक ट्रॅक सायकलींना मुभा दिली. ५६.३७५ मात्र वेगळ्या रकान्यातच राहिले.

१२/
मी मोडी कागदांवर काम करते. कधी एखाद्या ओळीवर काट मारलेली असते आणि वर दुसऱ्या हाताने, वेगळ्या शाईने नवा आकडा लिहिलेला असतो. आमच्या मार्गदर्शक सांगतात, ‘दोन्ही वाचा. आधी खालचा, मग वरचा; आणि काट कोणी मारली ते शोधा.’ तासाच्या विक्रमाला मी तीच रीत लावते. ५६.३७५ हे १९९६ मध्ये घडले. ते कोणत्या सायकलीवर, कोणत्या पवित्र्यात, कोणत्या नियमांखाली, हे शेजारी लिहावे, ठळक लिहावे. तुलना अन्यायाची वाटली तर तसेही नोंदवावे. पण आजच्या न्यायबुद्धीसाठी कालची ओळ हलवली, की पुढच्या वाचकाच्या हाती आपला निवाडा तेवढा उरतो. पुरावा उरत नाही.

१३/
आपल्याकडेही पाठ्यपुस्तके, पुतळे, रस्त्यांची नावे यांवर वाद होतात, तेव्हा दोन्ही बाजू ‘खरा इतिहास’ म्हणत खालची ओळ झाकू पाहतात. तुमच्या वाचनात अशी एखादी हलवलेली नोंद आली असेल, तर खाली जरूर लिहा. मूळ नोंद काय होती आणि ती कोणी, केव्हा बदलली, एवढ्यासह.