गाणं फुकट, मग नजराणा कशाचा?

ओरोसला संध्याकाळी सहा वाजले की गाव रिकामं होतं. जिल्ह्याचं मुख्यालय म्हणून वसवलेली ही सिंधुदुर्गनगरी. दिवसा कचेऱ्यांच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते आणि कचेऱ्या सुटल्या की कुडाळ, कणकवली, सावंतवाडीकडे गाड्या भरभरून माणसं घरी जातात. मागे उरतात आमच्यासारखे क्वार्टरवाले आणि रातकिडे. अशा जागी इतकी वर्षं काढलेल्या नवरा-बायकोला गाण्याची सोबत लागली, तर वाचकहो, आम्हाला दोष देऊ नका. हा मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. तेव्हा 'आम्ही' म्हणजे खरोखरच दोघं. जिथे आमचं पटलं नाही, तिथे तसं लिहू.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. गाणं-बजावणं जायज की नाजायज, यावर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत. तो वाद मिटवण्याइतका आमचा अभ्यास नाही. ज्यांच्या घरात गाणं चालत नाही, त्यांचा आम्हाला आदर आहे. आमच्या घरात चालतं, आणि पुढचा सगळा गुंता त्यातूनच झाला.

पूर्वी आम्ही बाजारातून एमपीथ्री सीडी आणायचो. एका चकतीत शंभर-दीडशे गाणी, वर नट-नट्यांचे फोटो, आणि किंमत एका कॅसेटपेक्षा कमी. एकदा अब्बांनी ती चकती हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "यातले पैसे गाणाऱ्याला किती मिळतात?" आम्ही म्हटलं, काहीच नाही, ही नक्कल आहे. अब्बा म्हणाले, ज्या मालाचा मालक माहीत नाही, तो माल घरात नको. सीडी बंद झाली. रेडिओ राहिला.

म्हणून २०१० साली आमचा भाचा मुंबईहून सुट्टीला आला आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून म्हणाला, "मामू, नवीन गाणी आणलीत, एकदम फुकट," तेव्हा आमचा पहिला प्रश्न तोच होता. मालक कोण? तो हसला. म्हणाला, मालकानेच दिलीत. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने त्या वर्षी जुलैपासून '१६/३३० खजूर रोड' या आपल्या अल्बममधलं दर महिन्याला एक गाणं लोकांना इंटरनेटवरून फुकट उतरवून घ्यायला दिलं होतं. अल्बमचं नाव म्हणजे चक्क एक पत्ता. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं सराव करायचे, त्याचा. त्यांच्यातले गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात वारले होते. त्यांचा आवाज या गाण्यांत होता. जाणाऱ्या माणसाचा आवाज विकायचा सोडून वाटून टाकला, याचं आम्हाला त्या रात्री फार वाटलं. हिशेब नंतर कळला. अशा बँडची खरी कमाई कार्यक्रमांतून होते. गाणं जितक्या कानांत जाईल, तितकी तिकिटं. पण हिशेब असला म्हणून देणं खोटं होत नाही.

तिथून आम्हाला नाद लागला. सिनेमात नसलेली, रेडिओवर न लागणारी गाणी शोधायचा. २०१४ च्या सुरुवातीला कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, 'आफत' हे रॅप आयपॅडवरच ध्वनिमुद्रित केलं, त्यावरच चित्रित केलं आणि यूट्यूबवर टाकून दिलं. त्याच्यावर 'बॉम्बे ७०' नावाचा लघुपट निघाला. ७० म्हणजे कुर्ल्याच्या पिनकोडचे शेवटचे आकडे. कुर्ल्यात आमचेही नातलग आहेत. तिथल्या गल्लीतला मुलगा कुठल्या कंपनीच्या दारात न बसता लाखोंपर्यंत पोचतो, हे बघून आमचा मुलगा, तेव्हा तो शाळेत होता, रात्र रात्र जागा राहू लागला. पुढे २०१९ मध्ये 'स्वदेसी'च्या मुलांनी आरेच्या जंगलासाठी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. रॅप आम्हा दोघांपैकी तिला आवडतं, त्याला नाही. पण भोईरांच्या आवाजाला त्याचीही मान डोलली.

पैसे देण्याची गोष्ट आम्हाला मुलानेच शिकवली. तो सांगायचा, मॅरिलियन नावाचा इंग्लंडचा बँड होता. १९९७ मध्ये त्यांच्याकडे अमेरिकेचा दौरा करायला पैसे नव्हते, तर तिकडच्या चाहत्यांनी इंटरनेटवरून आपापसांत ६०,००० डॉलर गोळा केले आणि त्यांना बोलावून घेतलं. मारिया श्नायडर या संगीतकार बाईंनी चाहत्यांच्या आगाऊ पैशांवर अल्बम केला. तो दुकानात विकायला ठेवलाच नाही आणि २००५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. आम्ही ऐकून घ्यायचो. आम्हाला आमचं 'मंथन' आठवायचं. १९७६ चा श्याम बेनेगल यांचा सिनेमा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला होता. तेव्हा या प्रकाराला नाव नव्हतं, एवढंच.

मग त्याने आम्हाला बँडकँप दाखवलं. तिथे गाणं आधी पूर्ण ऐकता येतं. आवडलं तर विकत घ्या, आणि ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त द्यावंसं वाटलं तर तीही सोय. डिजिटल विक्रीतले शंभरातले पंधरा रुपये बँडकँप ठेवतं, व्यवहाराचा किरकोळ खर्च जातो, बाकी कलाकाराला. आमचं कार्ड काही तिथे चाललं नाही. परदेशी व्यवहार बंद होते, बँकेत दोन खेपा झाल्या आणि नाद सोडला. पण एक बासरीवाला तरुण आम्ही बरेच दिवस ऐकत होतो. इकडचाच, हिंदुस्तानी. त्याने गाण्याखाली यूपीआयचा पत्ता दिला होता. एका रात्री जेवण झाल्यावर आम्ही त्याला दोनशे रुपये पाठवले. पाच मिनिटांत त्याचा निरोप आला, शुक्रिया, कुठून ऐकता? आम्ही लिहिलं, ओरोस. त्याने नकाशावर शोधलं म्हणे. दोनशे रुपयांत आम्ही दोन दिवस हवेत होतो.

आणि मग कुडाळचा तो वलिमा.

बिर्याणीची ताटं लागत होती. एक चुलते शेजारी येऊन बसले, मोबाइल पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाले, "पोराला पगार पुरत नाही का?" आमचा मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी गाणी करतो. ती यूट्यूबवर फुकट टाकतो, हे आम्हाला माहीत होतं. त्याखाली त्याने काय लिहिलंय, ते माहीत नव्हतं. लिहिलं होतं, पुढच्या सहा गाण्यांसाठी ४०,००० रुपये लागणार आहेत, ज्यांना जमेल त्यांनी हातभार लावावा, आणि खाली यूपीआयचा पत्ता. चुलत्यांचा फोन ताटावरून फिरत फिरत बायकांच्या पंगतीतही पोचला. "हात पसरतोय हो," असं कुणीतरी म्हटलं, आणि ते आमच्यातल्या तिला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हटलं.

घरी येताना आम्ही बोललो नाही. घरी आल्यावर आमच्यातल्या त्याने फोन लावला आणि कपडेसुद्धा न बदलता सांगितलं, ते आधी काढून टाक. आपल्या खानदानात कुणी मागून खाल्लेलं नाही. मुलाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "अब्बा, त्या बासरीवाल्याला तुम्ही दोनशे दिलेत, ती भीक होती का?"

तो म्हणाला, ते वेगळं. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, काय वेगळं?

या 'काय वेगळं'वर आमचे तीन आठवडे गेले. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगतो. भीक, सदका आणि मोबदला यांत फरक आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. सदका गरजूला द्यायचा, आणि देताना त्याच्या कामाची पारख करायची नसते. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळायच्या आत द्यायची, ती गरज बघून नव्हे, काम बघून. आमच्या मुलाला गरज नव्हती, त्याला पगार होता. म्हणजे तो सदका मागत नव्हता. मग उरला मोबदला. पण गाणं तर आधीच फुकट देऊन टाकलेलं! फुकट दिलेल्या मालाचा मोबदला कसा मागायचा?

याचं उत्तर ती म्हणाली, आपल्या जिल्ह्यातच आहे. जत्रेला दशावतार बघायला आम्ही लहानपणापासून जातो. तिथे तिकीट नसतं. देवळासमोर रात्रभर बसा, कुणी उठवत नाही. तरी एखाद्या नटाने प्रवेश रंगवला की प्रेक्षकांतून कुणी नोट घेऊन पुढे येतो, आणि देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. डबलबारीतही तेच. दोन बुवा पेटी-पखवाजावर आळीपाळीने एकमेकांना झुंजवतात, आणि ज्याची चाल काळजाला लागली त्याच्यापुढे बक्षीस येतं. त्या बुवांना कुणी भिकारी म्हटलेलं ऐकलंय? आणि आपल्या खानकाहीत? समाच्या मैफलीत ऐकणारा उठतो, नजराणा आधी बुजुर्गांच्या हाती देतो आणि तिथून तो कव्वालांकडे जातो. डोक्यावरून नोटा उडवणं ही नंतरची थेरं. मुळात ती अदब होती. गाणं सगळ्यांसाठी उघडं, आणि ज्याच्या आत काही हललं त्याने उठायचं.

त्याला हे पटलं, पण अर्धंच. त्याचं म्हणणं असं की बक्षीस गाण्यानंतर येतं. हा आधी मागतोय. आधी घेतलेला पैसा अमानत होतो. आणि हे आम्ही दोघंही ठासून लिहितो, कारण या फुकट-गाण्यांच्या दुनियेत असे बरेच आहेत जे आगाऊ घेतात आणि मग वर्ष वर्ष गाणं येत नाही, विचारलं तर उत्तरही नाही. शंभर-दोनशेसाठी कोण भांडायला जाणार? म्हणून त्याने मुलाला पुन्हा फोन केला आणि अट घातली. मागायचं असेल तर हिशेब मांड. स्टुडिओचे तास किती, तबलजीला किती, मिक्सिंगला किती, आणि आलेला पैसा किती. मुलगा थोडा गप्प राहिला. मग म्हणाला, तबलजीचे आधीच्या गाण्याचे पैसे अजून द्यायचे राहिलेत. हे आम्हाला माहीत नव्हतं. ते आधी दे, असं दोघांनी एकदम सांगितलं. त्या दिवशी बहुधा पहिल्यांदा आम्ही एका बाजूला होतो.

त्याने हिशेब टाकला. तबलजीचे दिले. तीन महिन्यांत त्याची गाणी चार हजारांहून जास्त वेळा ऐकली गेली आणि पैसे देणारे निघाले ४१. प्रमाण बघून त्याचा चेहरा पडला होता. व्हिडिओ कॉलवर दिसतं सगळं. आम्ही म्हटलं, जत्रेत तरी सगळे कुठे उठतात?

चुलते अजून फोन करत नाहीत. ईदला भेटले, गळाभेट झाली, विषय निघाला नाही.

आमच्या शेजारी एक भजनी बुवा राहतात. मालवणी माणूस, निवृत्त. मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्यांनी कुंपणापलीकडून त्याचं गाणं ऐकलं होतं. परवा सकाळी दारात आले आणि शंभराची नोट व वर एक रुपयाचं नाणं हातावर ठेवलं. "तुमचो झील बरो गाता. ह्यां बक्षीस. तेका धाडा." आम्ही नको नको म्हणालो, तर रागावले. बक्षीस परत करत नाहीत, म्हणाले. त्यांच्याकडे यूपीआय नाही. तेव्हा आम्हीच ते १०१ रुपये आमच्या फोनवरून मुलाला पाठवले.

दहा मिनिटांत त्याचा फोन. "अम्मी, तुमच्याकडून पैसे आले?"

"आमचे नाहीत. बाजूच्या बुवांचे आहेत."

"बरं," तो म्हणाला. "मग तुमचे कधी?"

तिने त्याच रात्री पाचशे पाठवले. त्याचं म्हणणं, बक्षीस गाण्यानंतर द्यायचं असतं, गाणी पुरी होऊ देत. सहापैकी चार झाली आहेत.